आगवाल्या म्हाताऱ्याचं काय झालं

कुरिअरवाल्याने पुस्तक हातात दिलं आणि मी ते सरळ पिठाच्या डब्यामागे लपवलं. मालिकेच्या ज्या शेवटच्या भागासाठी जीव टाकत होते, तो आला आणि मला तो उघडायचा धीर होईना.

या मालिकेत राजे, पिशाच्चं, उडते बैल असला सगळा मसाला. पुस्तकं इंग्रजी. मी वाचायची आणि जेवणं झाली की आप्पांना, म्हणजे वडिलांना, आमच्या अहिराणीत सांगायची. आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर, उसाचा चोथा जाळण्यात गेली. राजाराण्यांशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांचा जीव एकट्या म्हाताऱ्यावर. तो डोंगरावरच्या बुरुजात आग राखतो; ती विझली की पिशाच्चं खाली उतरणार. "वलं लाकूड टाकी ऱ्हायना येडा," आप्पा चिडायचे. "चोथा टाक म्हना त्याले." जणू मी निरोप पोचवणार होते.

मागच्या भागाच्या शेवटी त्या म्हाताऱ्याला बाण लागला. मध्यंतरी आप्पांच्या छातीत कळ आली आणि सुरतच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दवाखान्यात गर्दी नको, माझा भाऊ एकटा आला तरी पुष्कळ, असं आप्पांनीच ठरवून टाकलं. आता पुस्तकात म्हातारा मेला असेल, तर ते आप्पांना कोणत्या तोंडाने सांगू? पुस्तकातल्या माणसाचा आणि घरातल्या माणसाचा काही संबंध नसतो, एवढं मलाही कळतं. तरी भीती वाटायची ती वाटतच होती.

श्रावणात कानबाईचा सण आला. रोटाचं पीठ भरायला मायने डबा ओढला आणि पुस्तक तिच्या पायावर पडलं.

रोट म्हणजे कणकेच्या जाड पुऱ्या, कानबाईचा प्रसाद. आमच्या घरची रीत अशी की ते घरच्यांनीच खायचे, बाहेर न्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आप्पा पौर्णिमेला दवाखान्यात असणार होते. तेव्हा मायने फर्मान काढलं, त्यांच्या वाट्याचे त्यांनी निघण्याआधी संपवायचे. वर पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाली, "हाई बी पुरं करी टाक. मांगे काही ठेवानं नही."

ती रीतच सांगत होती, पण मला धडकी भरली. असं सगळं आवरून माणूस कुठे जातो? मला उलट काहीतरी उरायला हवं होतं, ज्याच्यासाठी आप्पांना परत यावंच लागेल.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आप्पा जेवायला बसले. ताटात एकच रोट उरला होता. माझं पुस्तक वाचून झालं होतं. मी राजाचं लग्न सांगितलं, लढाई सांगितली, उडता बैल तर दोनदा सांगितला.

"म्हातारानं काय व्हयनं?" आप्पांनी विचारलं.

"ते तुम्ही सुरतहून आल्यावर."

"मरना ना तो?"

ऐनवेळी मला खोटं कधीच सुचत नाही. मी हो म्हणून टाकलं.

"मंग आग?"

"चालू शे. नवा मानूस बसना तठे."

आप्पांनी मान हलवली. पाळी बदलली की दुसरा येतो, हे त्यांना मंजूर होतं. निभावलं म्हणून मी हुश्श करणार, तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "मरताना त्याना जोडे कोनी व्हतं का?"

"कोनी नही, आप्पा."

लेखकाने त्याला बुरुजाच्या पायऱ्यांवर एकट्याला मारलं होतं. मला त्या लेखकाचा संताप आला.

आप्पांनी हात ताटातून बाजूला घेतला. "सकाळी तू बी चाल सुरतले," ते म्हणाले. "माले भेव लागस."

माझ्या आठवणीत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. माय चुलीपाशी ऐकत होती. ती उठली, तिने ताटातला तो रोट उचलला, फडक्यात गुंडाळला आणि पिठाच्या डब्यात ठेवला.

"हाऊ ऱ्हाऊ दे," ती मला म्हणाली. "तुना आप्पा वापस येतीन तव्हय खातीन."

पौर्णिमा त्याच्या आधीच होऊन जाणार होती, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.