चपला मोजणारा बत्तीकाका

बत्तीकाकाच्या डाव्या हाताला दोनच बोटं. "बाकीची तीन कुठं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. शाळेत गेलो असतो तर विचारलं नसतं. काका म्हणाला, "जुन्या पिच्चरात कामाला हायेत." तेव्हापासून त्याच्या शेजारी बसायचीसुद्धा मला भीती.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर राजाविरुद्धच्या बंडाच्या पिच्चरचं शूटिंग चाललं होतं. सातिवलीच्या गोडाऊनमधनं सुट्टी काढून मी तिकडं मरायला जायचो. सकाळी राजाचा शिपाई म्हणून मरायचो, दुपारी फेटा बदलून बंडवाला म्हणून. बायको म्हणायची, "घरी तरी कुठं जिवंत असता?"

काका तिथलाच. वाळूत स्फोटाच्या दारूची मडकी पुरायची आणि लांबून वात पेटवायची, हे त्याचं काम. आम्ही शिपाई अनवाणी, म्हणून सगळ्यांच्या चपला त्याच्या चटईपुढे रांगेत. मडकी पुरायला तोही अनवाणीच जायचा, म्हणून शेवटची जोडी त्याची स्वतःची. लढाईच्या मैदानातून बाहेर आला की ज्याने त्याने आपली घालायची. एक जोडी जरी उरली तरी काका काडी ओढत नसे. "सायब वरडू दे. चपला हाय म्हनजे मानूस आत हाय."

मी शहाणा. नव्या चपला कोणी नेईल म्हणून कमरेला खोचल्या. मेलो, आणि प्रेतं म्हणून टाकलेल्या भुशाच्या बाहुल्यांमध्ये पडल्या पडल्या झोपलो. जाग आली ती सुर्र आवाजाने. वात कानापासून हातभर. पाय हलेनात. ओरडायला गेलो तर तोंडात वाळू. देव आठवलाच नाही, बायको आठवली.

एक बाहुला हलला, एवढंच काकाला दिसलं. धावत आला आणि जळती वात उजव्या मुठीत धरून उपटली.

"चपला कुठं तुझ्या?"

मी कमरेतनं काढल्या. भाजलेली मूठ वाळूत दाबत तो म्हणाला, "त्या तीन बोटांसंगं माझा एक मानूस बी गेलता रे." दुसऱ्या दिवसापासून माझ्या चपला तो स्वतः मागून घ्यायचा, आपल्या जोडीला लावून ठेवायचा.

एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. अनवाणीच गाडीत घातला. परत आला नाही.

पिच्चर थांबला नाही. नव्या माणसाने काडी हातात घेतली, विचारलं, "मैदान खाली?"

"नाय!" मी ओरडलो. "एक जण आत हाय!"

सगळे हसले. मला हसायची सवयच त्यांना. मग रांगेकडे बघितलं. काकाची जोडी तिथंच होती, कोणी हलवली नव्हती. हसू बंद. नव्या माणसाने काडी पेटीत ठेवली.

शेवटी मीच गेलो. त्या चपला पायात घातल्या. टाचा बाहेर येत होत्या. म्हटलं, "आता पेटव." आणि कान दाबून सगळ्यांच्या आधी पळालो.