सासू-सुनेच्या वेगळ्या चुली

कॉम्प्युटर क्लासमध्ये काही वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. कुलरमागच्या धुळीसारखे, कुणी मुद्दाम जमवत नाही!

मूल गावच्या बाजारात रफिकभाईंचा क्लास होता. आधी तिथेच ते घड्याळं दुरुस्त करायचे. शिकवायला सुषमाबाई आणि मी. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते फुकट!

आमचे सगळ्यात लाडके विद्यार्थी म्हणजे रिटायर झालेले देवाजी गुरुजी. लकव्यानंतर त्यांच्या बायकोचं, पार्वताबाईंचं बोलणं गेलं, म्हणून गुरुजी त्या वयात पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले. रफिकभाईंनी एक जुनं मशीन त्यांच्या घरी नेऊन ठेवलं, त्यावर गुरुजींनी स्वतः प्रोग्राम लिहिला. एक कळ दाबली की स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'पाणी', दुसरीला 'चहा', तिसरीला 'दुखते'. बाई तेवढ्यावर संसार चालवायच्या.

*

नागपूरहून पायथनच्या नव्या आवृत्तीची सीडी आली. रफिकभाईंनी हौसेने क्लासच्या मशीनवरचं जुनं पायथन पुसूनच टाकलं. झालं! सॉफ्टवेअर बसवायचं साधनच बंद पडलं, कारण ते जुन्याच्या जिवावर चालायचं.

रफिकभाईंनी कपाळावर हात मारला. "सासूले घराबाहेर काढलं, अन् किल्ल्या तिच्याच कमरेले!"

तेव्हापासून दोन्ही आवृत्त्या ठेवल्या, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. जुनीचं नाव 'सासू', नवीचं 'सून'.

*

कुरखेड्याचे एक शेतकरी मुलीच्या ॲडमिशनला आले होते. सुषमाबाई पोरांना सांगत होत्या, "सुनेवर चालत नसंल तं सासूवर चालवून पाहा."

भाऊंनी सगळं समजून घेतलं. "दोघी एकाच घरात? भांडत नाईत काय?"

"चुली वेगळ्या हायेत ना, भाऊ!"

"मंग माह्या पोरीले इथीच टाका."

*

सीडीवरचं पायथन मशीनवर बांधून बसवायला तास लागायचा आणि लाइट तर रोजच जायची. एकदा सुषमाबाईंनी थेट वीज ऑफिसला फोन लावला. "भाऊ, आमचं पायथन शिजून राह्यलं, थोडा वेळ लाइट नका नेऊ!"

पलीकडून उत्तर आलं, "बाई, आमच्या ऑफिसातच लाइट नाई!"

*

रफिकभाईंनी एकदा मायेपोटी गुरुजींच्या घरच्या मशीनवरही नवी आवृत्ती बसवली. तिथे दोघींना पुरेल एवढी जागा नव्हती, म्हणून जुनी काढली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी अनवाणीच क्लासमध्ये आले. "रफिकभाई, तिचं बोलणं पुन्हा गेलं."

प्रोग्राममधली मराठी अक्षरं पाहून नव्या आवृत्तीने चालायलाच नकार दिला होता. रफिकभाईंचा चेहरा उतरला. जुनी सीडी घेऊन ते निघाले, मागोमाग आम्ही. त्यांनी सून काढली आणि सासूला परत आणलं. एवढी घड्याळं उघडलेला माणूस, पण सीडी दोनदा उलटी घातली. खुर्ची दिली तरी बसेनात.

पार्वताबाईंनी बोट टेकवलं. स्क्रीनवर आलं, 'चहा'.

गुरुजी डोळे पुसत आत धावले आणि कप घेऊन आले. बाईंच्या तोंडाजवळ नेला, तर त्यांनी मान फिरवली.

"काऊन? तूच तं मांगितला!"

बाईंनी पुन्हा तीच कळ दाबली, आणि बोट रफिकभाईंकडे केलं.