विमानातल्या माणसाचं पाणी

तो फ्लेक्स पाहिला आणि मला किळसच आली. केम स्टेशनपासून जवळच असलेल्या आमच्या गावाच्या वेशीत तो टांगला होता. वर हात जोडलेले सात-आठ पुढारी, मध्ये आजकालचं टोकदार लढाऊ विमान आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'जखमी वैमानिकास पाणी पाजून माणुसकी जपणारे गाव'. अरे, विमान तरी बरोबर छापा! महायुद्धातलं बॉम्ब टाकणारं ते अवजड धूड, आणि ह्यांनी मोबाइलवर मिळेल ते उचलून चिकटवलेलं. पण विमानाचं जाऊ दे. पाणी कुणी पाजलं होतं? शी!

गाडीत माझ्या शेजारी आत्ती बसली होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण, नव्वदीची. महायुद्धात आमच्या शिवारात विमान पडलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. डोळ्यांनी पाहिलेलं आता तेवढं एकच माणूस उरलं, म्हणून शहरात, शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी खुद्द सरपंच बोलवायला आले होते. विमानातल्या मेलेल्यांपैकी एकाची भाची विलायतेहून येणार होती. मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, म्हणून तिला समजावून सांगायचं काम माझ्याकडं.

विमानाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण पाण्याबद्दल आत्ती कधी अवाक्षर बोलली नव्हती. सरपंच चहा पिऊन गेले आणि ती बोलायला लागली.

"सहा जण हुते. चार आतच जळाले. एक छत्रीनं ज्वारीत उतरला, त्याला गाडीबैलानं केमच्या ठेसनावर नेला. आन एक बाबळीखाली पडला हुता, जित्ता. आंगठा तोंडाकडं नेऊन पानी मागत हुता. लई येळ मागत हुता."

"मग?"

"मग काय? निम्मं गाव पत्रा उचकटत हुतं. निम्मं भांडत हुतं, गोऱ्याला पाजायला भांडं कुनाचं बाटवायचं म्हनून. शेवटाला एकजन मला म्हनला, तुज्या घरचं गाडगं आन गं, ते बाटल्यालंच हाय."

आमची वस्ती गावाबाहेर. आमच्या माणसांनी विहिरीला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं, कुणी शेंदून वरून ओतलं तर न्यायचं. घरी थेंब नव्हता म्हणून आत्ती गाडगं घेऊन विहिरीवर पळाली. पण ओतणार कोण? सगळं गाव विमान बघायला गेलेलं. ती उभी राहिली, तशीच उभी राहिली. शेवटी एक बाई आली, तिनं ओतलं. आत्ती परत पोचली तेव्हा त्या माणसाच्या तोंडावर फडकं टाकलेलं होतं.

"तूच का नाही शेंदलंस?" मी विचारलं. जीभ झडायला हवी होती माझी.

"बापाला फोडला असता की माज्या. पन त्या दिशी बगायला कोन हुतं गं तितं? काडायला पायजे हुतं मी." तिनं पदराचं टोक पिळलं. "त्या बाईला मी खरं सांगनार. माफी मागनार. तू नीट सांग तिच्या भाषेत."

मला तेच हवं होतं. ऐकू दे गावाला एकदा, म्हटलं. आठ दिवस मी इंग्रजी वाक्यं मनात घोटत होते.

मंडपात टेबलावर हार घातलेलं एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं ठेवलं होतं. विमानाच्या पत्र्याचं! त्या माणसाला द्यायला भांडं बाटत होतं, आणि त्याच्या विमानाची भांडी करून वर्षानुवर्षं त्यांत आमटी शिजवली, तेव्हा कुणाचं काही बाटलं नाही. मला तिथंच थुंकावंसं वाटलं.

भाची पंच्याहत्तरीची, काठी टेकत आलेली. छत्रीनं उतरलेला तो माणूसही पुढं दुसऱ्या विमानाबरोबर मेला, असं तिनं सांगितलं. म्हणजे सहातला एकही घरी परतला नाही. तिची आई, म्हणजे बाभळीखाली मेलेल्याची बहीण, मरेपर्यंत एकच विचारायची: शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का, कुणी घोटभर पाणी दिलं का?

आत्तीनं माईक हातात घेतला आणि सगळं सांगितलं. भांडं, विहीर, गाडगं, काही सोडलं नाही. "मला माफ कर बाई," असं म्हणून तिनं हात जोडले. सरपंच माझ्याकडं वाकले. "वय झालंय हो मावशींचं. मॅडम, पाव्हण्यांना जरा नीट सांगा."

असा संताप आला! आणि तेवढ्यात भाचीनं माझी बाही धरली. "तिनं पाणी दिलं ना त्याला?" तिनं विचारलं.

घोटलेली वाक्यं तोंडाशी आली होती. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाले, "हो. गाडग्यातून पाजलं. शेवटपर्यंत ती जवळच होती."

भाचीनं आत्तीचे दोन्ही हात धरले, त्यांच्यावर कपाळ टेकलं आणि रडली. सरपंचांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. फ्लेक्सवर होतं तेच मी बोलले होते, फक्त इंग्रजीत. त्या टाळ्यांची आली नाही एवढी शिसारी मला माझी आली.

परतताना टेंभुर्णी मागं पडली. आत्ती माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "समदं सांगितलंस न्हवं?"

"व्हय, आत्ती."

"बग की, तरीबी हात धरलं तिनं. माफ केलं गं मला."

"व्हय," मी म्हणाले.