टाकी धुण्याची हसरी नोटीस

मोशीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होण्याची माझी एकच पात्रता होती: मीटिंगला मी शेवटपर्यंत बसलो होतो.

पण पद मिळालं की माणसाला सुधारणा सुचतात. त्यात आमच्या मुलीने, सईने, स्वतःच्या हाताने अक्षरं काढून एक फॉन्ट बनवला. काय अक्षरं! 'प'चं पोट सुटलेलं, 'ळ'ला दोन डोळे, आणि वरची रेघ दोरीसारखी मध्येच झोकात खाली आलेली. सई म्हणाली, "बाबा, हा फक्त आनंदाच्या बातमीला वापरायचा. बारसं, वाढदिवस, आइस्क्रीमचं दुकान."

मी मान डोलावली. (मान डोलावणं आणि ऐकणं ही आमच्या घरात दोन वेगळी खाती आहेत.) चाकणच्या कंपनीत जन्मभर धोक्याच्या काळ्या-पिवळ्या पाट्या लावून मी कंटाळलेला. म्हटलं, निदान सोसायटीची नोटीस तरी हसरी असू दे!

लिफ्टशेजारी लावली: 'रविवारी टाकी धुणार. दिवसभर पाणी बंद. शनिवारीच भरून ठेवा.' कडेने सईचेच फुगे. येता-जाता लोक नोटीस बघून हसत होते. मी धन्य!

रविवारी सकाळी पाणी गेलं आणि तिसऱ्या मजल्यावरचे गायकवाड टॉवेलवर खाली आले. नाइट शिफ्ट करून आलेला माणूस, कानापर्यंत साबण.

"सेक्रेटरी, पाणी?"

"नोटीस लावली होती की, भाऊ."

"ती व्हय? आमाला वाटलं कुणाच्या पोराचा वाढदिवस हाय."

मागोमाग जिने वाजू लागले. कुणाच्या हातात ब्रश, कुणाच्या हातात रिकामी बादली. तळमजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी तर रंगीत कागदात गुंडाळलेला डबा घेऊन, केक कुठे कापणार म्हणून विचारत होत्या! माझी खुर्ची डुगडुगायला लागली, हे मला तेव्हाच कळलं.

मी घरी पळालो. निदान आपल्याकडे तरी पाणी असेल! बायको कोपरापर्यंत कणकेत हात घालून नळाकडे बघत उभी.

"अगं, तू तरी भरलंस ना?"

"मी नोटिशीचा फोटो काढून माहेरी पाठवला. लेकीचं अक्षर किती गोड! नोटीस वाचायची असते, हे आधी नाही का सांगायचं?"

दुपारी टँकर आला. रांगेत सर्वांत शेवटी, बादली घेऊन, मी. संध्याकाळी मीटिंग झाली आणि मी राजीनामा दिला. तो जितक्या झटपट मंजूर झाला, तितक्या झटपट अख्ख्या कारकिर्दीत माझा दुसरा कुठलाच ठराव झाला नव्हता.

"उद्या राजीनाम्याची साधी नोटीस लावतो," मी पडेल आवाजात म्हणालो.

"साधी कशाला, राव?" गायकवाड म्हणाले. "तुमच्या पोरीच्या अक्षरात लावा की. फुग्यांसकट."

ती नाही म्हणेल या आशेने मी शेजारी बसलेल्या सईकडे पाहिलं. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "चालेल, बाबा. इथे नियमात बसतं."