पाय दिसले का?

नानांचा फोन आला तेव्हा मी भरीतासाठी वांगी भाजत होते. शनिवार, सकाळची शाळा आटोपलेली, एका हातात चिमटा. फोन खांद्यावर धरला.

"बाई, सरनी स्पर्धा पुढल्या रविवारले दखाडसूत! फक्त दिनेशसंगे एकदा बोली ल्या."

सरांची स्पर्धा, टीव्हीवर! वांगं एका बाजूने पार करपलं.

नाना म्हणजे जळगावातल्या एका लोकल केबल चॅनलचे मालक. दिनेश त्यांचा शूटिंगवाला. आणि सर म्हणजे माझे पती. आम्ही एकाच शाळेत, ते खेळ शिकवायचे आणि मी मराठी. त्यामुळे घरातसुद्धा मी त्यांना सरच म्हणायची, आणि ते मला अहो-जाहो करायचे. सरांना जाऊन आता वर्ष होईल. आपल्या स्केटिंग क्लबच्या पोरांची शर्यत एकदा टीव्हीवर दिसावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते काही झालं नाही, किस्से मात्र साठत गेले. माळ्यावरच्या डब्यांसारखं असतं त्यांचं. टाकायला म्हणून काढावेत, तर प्रत्येकाच्या तळाशी काहीतरी निघतंच.

*

सुरुवात चहाच्या टपरीवर झाली. तिथल्या टीव्हीवर कुठल्याशा देशातली माणसं डोळे बारीक करून बाण मारत होती. सर घरी आले ते चिडूनच. "अहो, बाण मारणारे दिसतात, मासे धरणारे दिसतात. आमची पोरं काय वाईट आहेत?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नानांच्या ऑफिसात गेलो. सरांनी पिशवीतून स्केट काढून टेबलावर ठेवला. एका रेषेत चार चाकं. नानांनी एक चाक बोटाने फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले.

"सर्कस शे का ही?"

"सर्कस नाही नाना, शर्यत. जिल्ह्याची स्पर्धा."

"मंग वाघ-हत्ती काहीच नही शेतस का?"

सर गंभीरपणे म्हणाले, "नाहीत." नाना खरोखर हळहळले!

*

तरी पहिल्या स्पर्धेला त्यांनी दिनेशला पाठवलं. दिनेश एरंडोलचा. त्याचा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा.

आमच्याकडे रिंक नव्हती. पिंप्राळ्यात एका नव्या कॉलनीत प्लॉट पडले होते, घरं व्हायची होती आणि रस्ता तेवढा गुळगुळीत झाला होता. तीच आमची रिंक. उद्घाटनाला नगरसेवक आले. नारळ कुठे फोडायचा? अर्थातच सुरुवातीच्या रेषेवर! शुभ काम रेषेवरूनच सुरू व्हायला हवं, असा त्यांचा आग्रह.

नारळ फुटला, पाणी पसरलं, करवंटीचे तुकडे उडाले. शिट्टी वाजली आणि पहिली रांग जशीच्या तशी आडवी झाली!

नशीब, फार कुणाला लागलं नाही. सर धावत दिनेशकडे गेले. "घेतलंस का रे?"

"घेतलं ना सर. नारळ एकदम क्लोजअप!"

"आणि पोरं?"

"तेव्हा साहेबांना हार घालत होते. तो चुकवून कसं चालेल?"

*

मिक्सिंग करून सीडी आली. शाळेच्या हॉलमध्ये सगळे पालक जमले. पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या गेल्या, त्यातून मुलांचे चेहरे उगवले. चेहरे सुंदर आले होते. एकेका मुलाचा चेहरा बदामाच्या आकारात येऊन फिरत होता. मग पालकांची रांग, मग जेवणाची पंगत. पुरी वाढणाऱ्या मावशी दोनदा!

पाय मात्र कुठेच नव्हते. पूर्ण सीडीत एक स्केट दिसेल तर शपथ.

"दिनेश, अरे पाय कुठे आहेत?"

"सर, लग्नात पाय कोण काढतं? फोटो पोटाच्या वर. लोक चेहरे बघतात."

नानांनीही ती सीडी परत केली. "सर, ही तं मुंज वाटी राहिनी."

तेव्हापासून सरांचं एक पक्कं ठरलं. प्रत्येक स्पर्धेत ते दिनेशच्या पाठीमागे उभे राहायचे.

*

धुळ्याच्या स्पर्धेला तिथला एक चॅनलवाला आला. ऐटबाज माणूस, गॉगल डोक्यावर. त्याने पाच-सहा शर्यती पाहिल्या आणि सरांना बाजूला घेतलं.

"भाऊ, तुमचा खेळ चांगला आहे. पण सुरू होतो न होतो तोच संपतो. जाहिरात कुठे टाकू? पोरांना सांगा ना, जरा हळू पळा!"

मला हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत. परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत तिकिटामागे फेऱ्यांचा हिशेब मांडत होते. मग म्हणाले, "लांब पल्ल्याची शर्यत ठेवली तर?"

ठेवली. पोरं गोल गोल फिरत राहिली. दिनेशने मध्येच कॅमेरा खाली ठेवला. "सर, सप्तपदीसुद्धा सातातच आटोपते हो!"

*

एकदा मात्र आम्ही खरोखर टीव्हीवर आलो. मोठ्या चॅनलचा बातमीदार चाळीसगावहून गाडी धरून आला. पोरांना पळवलं, सरांची मुलाखत घेतली. पायसुद्धा घेतले! संध्याकाळी अर्धी कॉलनी आमच्या हॉलमध्ये, ताटात शेव-चिवडा, मागे उभ्या असलेल्यांना खुर्च्या नाहीत.

बातमी लागली. खाली लाल पट्टी: "भर रस्त्यात मुलांचा जीवघेणा खेळ, प्रशासन झोपेत!"

सरांची मुलाखत नव्हतीच. पाय तेवढे दिसले, तेही लाल गोल करून. दुसऱ्या दिवशी हवालदार दारात. सरांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही बघितलं? पाय स्वच्छ दिसले ना?"

*

सर गेले ते अचानक. सकाळी मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला गेले होते.

आमच्या लोकल चॅनलवर कुणी गेलं की फोटो लावतात, चारी बाजूंनी फुलांची चौकट. नानांनी न सांगता सरांचा लावला. पासपोर्टचा फोटो, नाकापेक्षा कान मोठे दिसणारा. जळगावभर दिसला तो.

दहाव्या दिवशी भेटायला क्लबची पोरं आली. गौरी, सरांची सगळ्यात वेगवान मुलगी, माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "मॅडम, सर आले टीव्हीवर. पण पाय नाही दिसले."

*

नानांच्या फोननंतर संध्याकाळी दिनेश लॅपटॉप घेऊन आला. सरांनी घेतलेली ती शेवटची स्पर्धा. तिचं शूटिंग मी पहिल्यांदाच पाहत होते. दिनेश शिकला होता. कॅमेरा जमिनीलगत, चाकं, वळणावर आडवे होणारे घोटे, शेवटच्या रेषेवर गौरीचा ताणलेला पाय. सगळं जसं हवं तसं.

आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कॅमेऱ्याच्या अगदी मागून, सरांचा आवाज.

"पाय घे दिनेश, पाय! खाली... अजून खाली! हां, बघ कशी वळते पोरगी! पाय सोडू नको रे!"

मध्ये खोकला. मध्ये मला उद्देशून, "अहो, पाणी द्या जरा." मग पुन्हा पाय.

दिनेशने थांबवलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, नानांचं म्हणणं आहे, हे असं ओरडणं टीव्हीवर चालणार नाही. आवाज काढून म्युझिक टाकलं, तरच लावता येईल. माझ्यासाठी एक बटण आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी म्हटलं, चहा घे.

चहा घेऊन तो गेला. जाताना दारात म्हणाला, "शुक्रवारपर्यंत सांगा."

आज शुक्रवार आहे. दिनेशला फोन करायचा राहिला आहे.