ही ईडा कोण?

मंडळी, नवरा आठवडाभर एकच जर्मन नाव घेऊन बसला, तर तुम्हाला संशय येणार नाही?

आम्ही जर्मनीत राहतो. मला सातवा महिना आहे, मुलगी आहे. अमोलचं एकच पालुपद, "ईडा ठेवूया." म्हणे जुनं जर्मन नाव, अर्थ काम, उद्योग. पूर्वी आज्यांचं होतं, मग मागं पडलं, आता किंडरगार्टनमध्ये पुन्हा जोरात आहे. ज्याला स्वतःच्या मावसबहिणींची नावं आठवत नाहीत, त्याला हे सगळं कोणी पढवलं? ऑफिसात नक्की कुणीतरी ईडा असणार!

आज सकाळी सरळ विचारलं. तो मला तळमजल्यावरच्या आजींकडे घेऊन गेला. बेलवर नुसतं आडनाव, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. ह्याच ईडा!

आजी हसल्या. "शाळेत मला म्हातारीचं नाव म्हणून चिडवायचे. आता बागेत कुणी ईडा म्हणून हाक मारली की मी वळते, आणि धावत जाते तीन वर्षांची पोर."

माझा संशय तिथंच संपला. वर येऊन उत्साहात पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी स्क्रीनवरूनच माझी दृष्ट काढली.

"इडापिडा टळो!"

अमोलनं हळूच फोन बंद केला. आता तुम्हीच सांगा, हे नाव त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?