आधी घर हुंगू दे

बोर्लीच्या बाजाराच्या दिवशी आमच्याकडे एक अत्तरवाले चाचा यायचे. कानात फाया, काखेत लाकडी पेटी. वाळ्याच्या मुळांची जुडी बांधून तिच्यावर ते केवड्याच्या तेलाचे चार थेंब सोडत. ती खिडकीत टांगून पाणी शिंपडलं, की खाऱ्या वाऱ्यानं सगळं घर घमघमायचं. पण पेटी उघडण्याआधी ते उंबऱ्याशी डोळे मिटून उभे राहत. "थांबा वैनी, आधी घर हुंगू दे." मग विचारत, "काल दूध करपलं व्हय?" करपलेलं असायचंच. मला त्या नाकाची धास्तीच वाटे.

एकदा नणंदेला बघायला पाहुणे येणार होते आणि माजघरात दोन दिवस कुजका वास भरला होता. चाचा दिसताच मी घाईनं दोन जुड्या मागितल्या. त्यांनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि पेटी न उघडताच मागे सरले.

"आज न्हाय देणार."

"अहो, पाहुणे निघाले असतील!"

"त्यांना वाटेतूनच परत पाठवा. भाताच्या कणगीमागं बघा. उंदीर पडलाय."

एक नव्हता, तीन होते. गावात प्लेगची कुजबुज होतीच. दिवस मावळायच्या आत घर सोडून आम्ही शेतातल्या मांडवात राहायला गेलो. नणंदेचं ते स्थळ गेलं. घरातली माणसं मात्र सगळी वाचली.

पुढंही चाचा येत राहिले. ते उंबऱ्याशी डोळे मिटून उभे राहिले, की मी पोरांना जवळ ओढून घेई आणि त्यांच्या पेटीची कडी वाजेपर्यंत श्वास सोडत नसे.